'वय झाले' म्हणण्यापूर्वी...

जेवता जेवता आजोबांचा हात मध्येच थांबतो, नजर शून्यात लागते, मिटक्या मारल्यासारखे ओठ हलतात. मिनिटभराने ते भानावर येतात. पण समोर कोण बसले आहे, हे बराच वेळ उमगत नाही. घरचे म्हणतात, 'वय झाले.' प्रत्यक्षात तो अपस्माराचा झटका असू शकतो.

फिट म्हणजे तोंडाला फेस येणे आणि हातपाय झाडणे, एवढेच आपल्याला ठाऊक असते. अपस्मार लहानपणीच जडतो, हा समजही तसाच. वास्तविक साठीनंतर त्याचे प्रमाण पुन्हा वाढते. पक्षाघात हे सर्वांत मोठे कारण. तो होऊन कित्येक महिने लोटल्यावरही झटके सुरू होऊ शकतात. स्मृतिभ्रंश आणि मेंदूतील गाठ ही अन्य कारणे. रक्तातील सोडियम वा साखर उतरल्यानेही झटका येतो, मात्र तो अपस्मार नव्हे. म्हणून रक्ततपासणी आवश्यक. ईईजी निर्दोष आला तरी निदान फेटाळता येत नाही. प्रत्यक्ष पाहणाऱ्याने केलेले वर्णन येथे मोलाचे ठरते. मोबाइलवर चित्रण केले तर उत्तमच.

औषधांनी बहुतेक वृद्धांचे झटके आटोक्यात येतात, तेही अनेकदा अल्प मात्रेत. फेनिटॉइन हे जुने औषध स्वस्त खरे. पण त्याने तोल जातो, हाडे ठिसूळ होतात आणि वॉरफेरिनसारख्या, रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा परिणाम बदलतो. त्यामुळे या वयात लॅमोट्रिजिन वा लेव्हेटिरासिटामला पसंती दिली जाते. चालू औषध मात्र परस्पर बंद करू नये.

कांदा किंवा चप्पल हुंगवणे व्यर्थ. दातांत चमचा घालणे तर घातकच. रुग्णाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर तातडीने रुग्णालय गाठावे.