मिशा काढणारा हात

३ ऑगस्ट १९८० रोजी मॉस्को ऑलिंपिकच्या समारोपाला फुग्यांना बांधलेलं मिशा अस्वल, म्हणजे स्पर्धेचा शुभंकर, आकाशात निघून गेलं, तेव्हा स्टेडियममध्ये अनेकांचे डोळे पाणावले. मागणीनुसार काढून दिलेलं एक चित्र माणसांना इतकं का भिडलं, याचं उत्तर ते काढणारे चित्रकार व्हिक्टर चिझिकोव्ह यांच्या कारकिर्दीत सापडतं. १९३५ साली मॉस्कोत जन्मलेले चिझिकोव्ह विद्यार्थिदशेतच ‘क्रोकोडिल’ या विनोदी नियतकालिकासाठी व्यंगचित्रं काढू लागले आणि पुढे ‘मुर्झिल्का’ या मुलांच्या मासिकात रमले. बोधचिन्ह ओळखू आलं की त्याचं काम झालं. शुभंकराचा मात्र लळा लागावा लागतो. प्राण्याच्या चेहऱ्यावर माणसाचा भाव आणण्याची जी सवय मासिकांच्या पानांवर वर्षानुवर्षं हाताला लागली होती, तीच मिशाच्या कामी आली. हे अस्वल बघणाऱ्याच्या थेट डोळ्यांत बघून हसतं. ऑलिंपिकची ओळखही चिझिकोव्ह यांनी त्याच्या अंगावर चिकटवली नाही, तर त्याच्या पोशाखातच आणली: कमरेला पाच रंगांचा पट्टा आणि त्याला पाच वर्तुळांचं सोनेरी बक्कल.

यावर कोणी म्हणेल, की अस्वल हा प्राणी तर लोकांच्या पसंतीनं ठरला, चित्र आयोजकांनी मंजूर केलं आणि कामाचा मोबदलाही दिला. मग चित्रकाराचं नाव वेगळं कशाला घ्यायचं? पण लोकांनी निवडलं ते अस्वल. मिशा त्यातून घडवला चिझिकोव्ह यांनी. शिवाय मोबदला दिल्यानं चित्र वापरायचा हक्क मिळतो, ते कोणी काढलं हे सत्य बदलत नाही. पण हे सत्य झाकलं जाऊ शकतं. अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचं फलंदाजाच्या पांढऱ्या छायाकृतीचं बोधचिन्ह जेरी डायर यांनी १९६८ साली तयार केलं. लीगनं त्यांचं श्रेय जाहीरपणे मान्य करायला २००९ साल उजाडलं. चिझिकोव्ह यांचं नाव मात्र मिशाशी जोडलेलं राहिलं, म्हणूनच २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकच्या पांढऱ्या अस्वलात मिशाचे डोळे, नाक आणि हसू उचलल्याची त्यांची तक्रार लोकांनी ऐकून घेतली. तिचा निवाडा कसाही करा, ती करणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. निनावी चित्रकाराला अशी दादही मागता येत नाही. म्हणून शुभंकर जाहीर करताना प्रायोजकांच्या नावांबरोबर चित्रकाराचंही नाव घेतलं गेलंच पाहिजे.