फॉरमॅट नको, आधी बायोस बघा!

प्रॅक्टिकल उद्यावर आलंय, कॉलेज रोडच्या रूमवर तुम्ही व्हर्च्युअलबॉक्स उघडलंय आणि यादीत ६४ बिटचा पर्यायच नाही? लगेच लॅपटॉप फॉरमॅटला देऊ नका, अख्खा प्रोजेक्ट त्यातच आहे ना! टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू बघा. व्हर्च्युअलायझेशन ‘डिसेबल्ड’ असेल, तर रीस्टार्ट करताना एफ२ किंवा एफ१० दाबून (कंपनीगणिक बटण वेगळं) बायोसमध्ये जा आणि इंटेलचं व्हीटी-एक्स किंवा एएमडीचं एसव्हीएम सुरू करा. ३२ बिटचं उबंटू शोधत रात्र घालवू नका. डेस्कटॉपसाठी ते १७.१० पासून बंदच झालंय. इन्स्टॉल होऊनही पुन्हा इन्स्टॉलरच उघडतोय? व्हर्च्युअल ड्राइव्हमधली आयएसओ काढायची राहिलीय. मशीन नीट चाललं की पहिला स्नॅपशॉट घ्या, मग खुशाल प्रयोग करा.