कळ थांबवली म्हणून निदान चुकत नाही

अपघातातला माणूस कॅज्युअल्टीत विव्हळत असतो आणि नातेवाइकांना सांगितलं जातं, "आधी तपासणी होऊ द्या. आत्ताच दुखायचं इंजेक्शन दिलं तर निदान चुकेल." ही समजूत शंभर वर्षांची आहे. ब्रिटिश सर्जन झकॅरी कोप यांनी पोटाच्या तातडीच्या दुखण्यांवर १९२१ साली लिहिलेल्या पुस्तकात, निदानाआधी मॉर्फिन देऊ नका, असं बजावलं होतं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हता; सारी भिस्त डॉक्टरच्या हातावर. पुढे रीतसर चाचण्या झाल्या. बेताने दिलेल्या मॉर्फिनमुळे निदान बिघडत नाही, असं त्यांत दिसलं. कोप यांच्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांनीही तो सल्ला बदलला. तरी समजूत टिकून आहे आणि तिची किंमत रुग्ण मोजतो.

बरगड्या मोडलेल्या माणसाचंच घ्या. खोल श्वास घेतला की कळ येते, म्हणून तो अर्धाच श्वास घेतो, खोकला दाबतो. छातीत कफ साठतो आणि न्यूमोनिया गाठतो. वयस्कर रुग्णाच्या जिवावर बेततं ते अनेकदा याच न्यूमोनियामुळे. त्याची वेदना शमवणं हा उपचाराचाच भाग आहे.

औषध कसं द्यावं, हे दुसऱ्या महायुद्धाने शिकवलं. अमेरिकी डॉक्टर हेन्री बीचर यांना इटलीच्या आघाडीवर एक धोका दिसला. रक्त गेलेल्या, गारठलेल्या सैनिकाला कातडीखाली टोचलेलं मॉर्फिन तिथेच पडून राही. आराम पडेना म्हणून पुन्हा टोचलं जाई. उपचारांनी रक्ताभिसरण सुधारलं की सगळे डोस एकदम अंगात भिनत आणि श्वास मंदावे.

म्हणून आज गंभीर जखमीला औषध शिरेतून देतात. थोडं द्यायचं, काही मिनिटं थांबायचं आणि विचारायचं, "शून्य ते दहामध्ये आता किती दुखतंय?" आठाचा आकडा तीन-चारवर येईपर्यंत हेच चालतं. श्वासावर नजर असते. मॉर्फिन जास्त झालंच तर नॅलोक्सोन हा उतारा हाताशी असतो.

रक्तदाब घसरला असेल तर केटामाइन कामी येतं. १९६२ साली तयार झालेलं हे भुलीचं औषध कमी मात्रेत वेदना शमवतं आणि सहसा श्वास, रक्तदाब सांभाळतं. काहींना थोडा वेळ भास होतात. तेव्हा शेजारी कुणीतरी धीर देत बसावं लागतं. खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना सोनोग्राफीत पाहत जांघेजवळच्या नसांभोवती बधिरतेचं औषध देता येतं. मग एक्स-रेच्या टेबलावर सरकवताना त्यांना फारसा त्रास होत नाही आणि शुद्धही राहते. मोडलेला पाय फळी बांधून स्थिर केला, तरी ठणका बराच उतरतो.

भारतात अडचण परवान्यांचीही होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला अनेक परवाने लागत. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट सोपी केली. तरीही ही औषधं कपाटात नाहीत, अशी रुग्णालयं आहेत. तिथे डायक्लोफेनॅकवर भागवलं जातं आणि खूप रक्त गेलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडांना तेच घातक ठरू शकतं. तालुक्याच्या रुग्णालयांनी मॉर्फिनची मान्यता मिळवायलाच हवी. नातेवाइकांनीही संकोच सोडून विचारावं, "डॉक्टर, दुखणं कमी करायला काय दिलंय? पुन्हा कधी बघणार?"