अल्टरनेटर बदलण्याआधी त्याचा सांधा तपासा

पावसाळ्यातल्या रात्री गाडीच्या वीजयंत्रणेवर सर्वाधिक भार पडतो. हेडलाइट, वायपर, ब्लोअर, एसी, रेडिएटरचा पंखा असं सगळं एकदम चालू असतं आणि अल्टरनेटरला ५०-६० अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. हा प्रवाह अल्टरनेटरच्या पाठीमागच्या एकाच बोल्टवरून, त्यावर नटाने आवळलेल्या थिंबलमधून (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीतून), जाड वायरने बॅटरीकडे जातो. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला किंवा बॉनेटखालून जळकट वास आला, की संशय अल्टरनेटरवर जातो. पुष्कळदा दोष या सांध्यात असतो.

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही घट्ट आवळले तरी ते मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात. नट सैल झाला की हे उंचवटेही सुटू लागतात आणि तेवढाच प्रवाह आणखी चिंचोळ्या वाटेने जातो. जेम्स ज्यूलने १८४१ साली दाखवून दिलं, की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सांध्याचा रोध अवघा ०.०१ ओहम झाला, तरी ६० अँपिअरला तिथे ३६ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीच्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं, हे लक्षात घेतलं तर बोटाच्या पेराएवढ्या थिंबलचं काय होत असेल ते कळतं. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा काळा थर चढतो, त्याने रोध वाढतो, मग सांधा आणखी तापतो. एकदा सुरू झालेलं हे चक्र आपोआप थांबत नाही.

हा दोष नजरेला आणि मल्टीमीटरच्या ओहम मापनालाही चकवतो. मीटर तपासणीसाठी अगदी क्षीण प्रवाह सोडतो. वायरच्या बऱ्याचशा तारा जळून चारदोनच उरल्या असल्या, तरी तो जवळपास शून्यच दाखवणार. ०.०१ ओहम मोजणं तर त्याच्या आवाक्याबाहेरचं, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोधच त्याहून जास्त असतो.

म्हणून भार असतानाच मोजायला हवं. इंजिन चालू ठेवून हेडलाइट, ब्लोअर, एसी लावायचे, मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या धन टोकावर. फरक साधारण ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असेल तर वायर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर वाटेत कुठेतरी वीज उष्णतेत वाया जाते आहे. मग एकेक सांधा ओलांडून मोजत गेलं की नेमकी जागा सापडते. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यातही असंच मोजावं, कारण अर्थिंगचा सांधाही जळतो. पाच मिनिटांच्या या तपासणीशिवाय अल्टरनेटर बदलायला सांगणं मला सरळ अन्याय वाटतो. नवा अल्टरनेटर त्याच जळक्या थिंबलला जोडला, तर तक्रार कायम राहते.

जळालेल्या भागाच्या खुणाही वाचता येतात. वायरचं आवरण थिंबलपाशीच वितळलंय आणि हातभर अंतरावर मऊ, जसंच्या तसं आहे, तर उष्णता सांध्यातच निर्माण झाली. आवरण लांबवर कडक होऊन तडकलं असेल, तर वायरमधून क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह गेलाय; तिथे शॉर्टसर्किट किंवा नंतर बसवलेले जादा दिवे शोधावे लागतील. बोल्ट निळसर-काळा पडला असेल तर नट सैल होता. बोल्ट स्वच्छ, पण थिंबलच्या नळीत तारा काळवंडलेल्या, तर दाबणी कच्ची होती.

दुरुस्तीत आधी बॅटरीची ऋण केबल काढावी, कारण अल्टरनेटरचा हा बोल्ट इंजिन बंद असतानाही थेट बॅटरीला जोडलेला असतो. मग लखलखीत तांबं दिसेपर्यंत वायर कापायची, योग्य मापाचं थिंबल दाबयंत्राने बसवायचं, बोल्ट घासून नट नीट आवळायचा. काळ्या तारांवर नवं थिंबल दाबलं, तर तेही जळणार.

अल्टरनेटर चालतोय का हे बघायला इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढायची सवय काही ठिकाणी अजून आहे. डायनॅमोच्या जुन्या गाड्यांत ते निभावून जायचं. आजच्या गाडीत बॅटरीकडे वाहणारा प्रवाह असा अचानक तुटला, तर क्षणभर कित्येक पट विद्युतदाब उसळतो आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा इंजिनचं संगणकीय नियंत्रण जळू शकतं. तुमच्या गाडीवर कोणी हा प्रयोग करू लागला, तर त्याला तिथेच थांबवा.