सर्व्हरचं घड्याळ मागे पडलंय? क्रॉनी असं सेट करा

मध्यंतरी मी माझ्याच सर्व्हरच्या बाहेर अडकलो होतो. एका जुन्या लॅपटॉपवर उबुंटू सर्व्हर २४.०४ टाकून त्यावर मी घरच्या सगळ्यांच्या फोटोंचा बॅकअप ठेवतो. लॉगिन करायला पासवर्डसोबत फोनवरच्या ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा अंकी कोड लागतो. एका रात्री कोड टाकला तर 'चुकीचा कोड'. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. अकाउंट हॅक झालं की काय, या भीतीने तासभर लॉग चाळत बसलो. शेवटी लॅपटॉपच्या स्क्रीनवर वेळ पाहिली. फोनपेक्षा तब्बल सव्वादोन मिनिटं मागे!

कोड आणि वेळ यांचा काय संबंध?

ऑथेंटिकेटरचा कोड तुम्हाला कुणी पाठवत नाही. फोन आणि सर्व्हर दोघांकडे एकच गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि आत्ताची वेळ वापरून दोघंही आपापल्या जागी तोच हिशोब करतात. साधारणपणे दर ३० सेकंदांनी कोड बदलतो. बहुतेक सर्व्हर एखादा मागचा-पुढचा कोड चालवून घेतात, पण सव्वादोन मिनिटांचा फरक कोण चालवून घेणार?

घड्याळ मागे का पडतं? कॉम्प्युटरमधलं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. त्यात दहा लाखांत फक्त २० एवढी चूक असली, तरी दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि महिन्याला जवळपास ५० सेकंदांचा फरक पडतो.

एनटीपी काय करतं?

हा फरक काढण्यासाठी एनटीपी, म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल आहे. अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी तो तयार केला आणि १९८५ मध्ये त्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की 'किती वाजले?' विचारून उत्तर येईपर्यंत ते उत्तर शिळं झालेलं असतं. म्हणून एनटीपी चार वेळा नोंदवतं.

समजा, माझ्या घड्याळात ० मिलिसेकंद असताना प्रश्न निघाला. समोरच्या घड्याळात ५२० असताना तो पोचला आणि ५२१ ला उत्तर निघालं. ते माझ्याकडे आलं तेव्हा माझ्या घड्याळात ४१ होते. जाताना फरक दिसतो ५२०, येताना ४८०. सरासरी ५००, म्हणजे मी अर्धा सेकंद मागे आहे. प्रवासाला लागलेले ४० मिलिसेकंद हिशोबातून आपोआप वजा झाले.

आता सेटिंग करूया

खालच्या कमांड टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या आहेत.

१. आधी स्थिती बघा: टाइमडेटसीटीएल (सगळं जोडून). घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकलेलं दिसलं तर बहुतेक घोळ टाइम झोनचा असतो. झोन एशिया/कोलकाता असा ठेवा.

२. क्रॉनी टाका: सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्रॉनी. उबुंटूमधली आधीची साधी वेळ-सेवा यामुळे आपोआप निघून जाते. एका मशीनवर वेळ दुरुस्त करणारे दोघं नकोत, नाहीतर त्यांची ओढाताण होते.

३. ईटीसीमधल्या क्रॉनी फोल्डरमध्ये क्रॉनी डॉट कॉन्फ ही फाइल आहे. तिच्यात उबुंटूचे टाइम सर्व्हर आधीच दिलेले असतात. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सर्व्हरही तुम्ही जोडू शकता. त्यासाठी 'सर्व्हर' हा शब्द, मग टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी हा पत्ता आणि शेवटी 'आयबर्स्ट', अशी एक ओळ लिहा. आयबर्स्टमुळे सुरुवातीला पटापट विचारणा होते. एकाच सर्व्हरवर मात्र विसंबू नका. तीन-चार असले, तर चुकीची वेळ देणारा कोण ते क्रॉनीला कळतं.

४. त्याच फाइलमध्ये 'मेकस्टेप १ ३' अशी ओळ असते, ती तशीच राहू द्या. सुरुवातीच्या तीन दुरुस्त्यांमध्ये फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तरच घड्याळ एकदम उडी मारेल, हा तिचा अर्थ. त्यानंतर क्रॉनी घड्याळ किंचित जलद किंवा हळू चालवून हळूहळू जुळवतं. चालू डेटाबेसमध्ये वेळ अचानक मागे गेली, तर नंतरची नोंद आधीची दिसू लागते.

५. फाइल सेव्ह करून सेवा रीस्टार्ट करा: सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट क्रॉनी.

इथेच मी फसलो होतो

आता खरी गोष्ट सांगतो. माझ्याकडे वेळ जुळवणारी सेवा पहिल्यापासून होतीच! टाइमडेटसीटीएल 'एनटीपी सर्व्हिस: ॲक्टिव्ह' असं दाखवत होतं आणि तेवढं बघून मी निर्धास्त होतो. त्याच्या वरच्याच ओळीत 'सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड: नो' असं लिहिलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. अडीच महिन्यांपूर्वी फायरवॉल कडक करताना बाहेर जाणारे बहुतेक पोर्ट मीच बंद केले होते. एनटीपीला यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट लागतो. सेवा रोज वेळ विचारत होती, पण तिचा प्रश्न घराबाहेर जातच नव्हता. बाहेर जाणारा १२३ उघडला आणि काही सेकंदांत घड्याळ जाग्यावर आलं. बाहेरून आत येणारा १२३ मात्र उघडू नका, आपल्याला त्याची गरज नाही.

म्हणून सेटिंग झाल्यावर क्रॉनीसी सोर्सेस ही कमांड चालवाच. एका सर्व्हरसमोर चांदणी दिसली, तर क्रॉनीने तो निवडलाय. 'रीच' रकान्यात थोड्या वेळाने ३७७ आलं, तर शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळालंय. तिथे ० वरच अडकलं असेल, तर आधी फायरवॉल तपासा. मग क्रॉनीसी ट्रॅकिंग चालवून 'लीप स्टेटस: नॉर्मल' आहे ना, ते बघा.

सेवा चालू असणं आणि वेळ जुळलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फायरवॉलला हात लावला, की ही तपासणी पुन्हा करा. एक मिनिटही लागत नाही, माझी अख्खी रात्र गेली होती.