तांबडी वाइन आणि मासळीवरील आळ

मुंबईच्या दक्षिण टोकास, कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशीं, मच्छीमार नगर ही कोळ्यांची वस्ती आहे. सकाळीं कोळिणीकडून घेतलेले ताजे बोंबील रात्रीं पाहुण्यांच्या ताटांत पडावेत, शेजारीं दक्षिण फ्रान्सची भारी किंमतीची तांबडी वाइन असावी, आणि पहिल्याच घोटाबरोबर तोंडांत लोखंडाची व शिळ्या मासळीची चव यावी, असा प्रसंग कोणत्याहि घरीं येऊं शकतो. दोष मात्र कोळिणीच्या माथीं मारला जातो. वस्तुतः ती पुष्कळदां निर्दोष असते.

ऱ्होन नदीच्या खोऱ्याच्या दक्षिण भागांत शातोनफ-द्यु-पाप नांवाची वाइन होते. १९३६ सालीं तिचे नियम ठरले. तींत मद्यार्क शेंकडा १२.५ हून कमी असतां कामा नये. प्रत्यक्षांत तो बहुधा १४ च्या आसपास असतो. ग्रनाश, सिरा व मूर्वेद्र हीं तिचीं मुख्य द्राक्षें. यांपैकीं सिराची लागवड नाशिककडे शिराझ या नांवानें होते. काळीं द्राक्षें सालींसह आंबविल्यामुळें सालींतील व बियांतील टॅनिन हें तुरट द्रव्य वाइनमध्यें उतरतें. कच्चें केळें किंवा जांभूळ खातांना जीभ आखडते, ती याच जातीच्या द्रव्यांमुळें. टॅनिन लाळेंतील प्रथिनांस चिकटतें. लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडें पडतें.

अशा वाइनची परीक्षा करावयाची तर प्रथम पेला एकतृतीयांशच भरावा, रंग पाहावा, पेला फिरवून वास घ्यावा, आणि मग लहान घोट तोंडांत घोळवावा. ती १६ ते १८ अंशांवर चांगली लागते. मुंबईची हवा त्याहून पुष्कळच उष्ण, म्हणून बाटली अर्धा तास शीतकपाटांत ठेवणें बरें.

हिच्याशीं मटणाचें सुकें उत्तम जमतें. मांसांतील प्रथिनें व चरबी टॅनिनची धार बोथट करितात, आणि वाइनची तुरटी चरबीचा ओशटपणा कमी करिते. तिखट मात्र बेतानें घालावें. कारण मद्यार्क मिरचीचा दाह वाढवितो.

मासळीची गोष्ट निराळी. २००९ सालीं जपानी संशोधकांनीं वाळलेले शिंपले निरनिराळ्या वाइनबरोबर चाखून पाहिले. ज्या वाइनमध्यें लोह अधिक, तिच्याबरोबर उग्र मासळीचा दर्प अधिक, असें त्यांस आढळलें. लोह बांधून टाकणारें द्रव्य घालतांच तो दर्प कमी झाला. लोहाच्या योगानें मासळीच्या चरबीचें विघटन होऊन हा वास क्षणांत उत्पन्न होतो, असा याचा अर्थ. लोह कमी असलेली तांबडी वाइन तितकी बाधत नाहीं. परंतु लोहाचें प्रमाण बाटलीवर छापलेलें नसतें.

यास्तव बोंबलांच्या कालवणाबरोबर थंड पांढरी वाइन, किंवा त्याहून सोयीची सोलकढी ठेवावी, आणि तांबडी मटणाच्या दिवसासाठीं राखावी. तरीहि शंका आलीच, तर पाण्यानें चूळ भरून मासळीचा दुसरा तुकडा वाइनवांचून खावा. तो गोड लागला, तर कोळिणीचा माल ताजा होता, आणि दुसऱ्या दिवशीं तिच्याशीं भांडण्याचें कारण उरत नाहीं.