खारे वारे आणि उष्णतेचा हिशेब



वैशाखांतील दुपारीं वसईच्या किनाऱ्यावर, भुईगांवापासून अर्नाळ्यापर्यंत, वाळू इतकी तापते कीं अनवाणी पाऊल टेकवत नाहीं. समुद्राचें पाणी मात्र त्याच उन्हांत फारसें तापत नाहीं. मग पश्चिमेकडून खारे वारे वाहूं लागतात. या वाऱ्यांच्या मुळाशीं उष्णतेचा एक मोठा बोधप्रद हिशेब आहे. तो आज आपण मांडूं.

वाळूलगतची हवा तापते, परंतु ती कोंडलेली नसते. सभोंवारच्या हवेला बाजूस सारून ती पसरते, आणि तिच्यावरील दाब जवळजवळ पूर्वींइतकाच राहतो. यास स्थिर दाबाखालील प्रसरण म्हणतात. वायूंच्या अशा प्रसरणाचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनीं १८०२ सालीं प्रसिद्ध केला. आजच्या भाषेंत तो असा: दाब स्थिर असतां वायूचें आकारमान निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणांत वाढतें. सेल्सिअस अंशांत २७३ मिळविले कीं निरपेक्ष तापमान येतें. म्हणजे २७ अंशांची हवा निरपेक्ष ३०० अंशांची झाली. ती ३० अंशांवर आली कीं तिचें आकारमान शेंकडा एकानें वाढतें.

आतां अशी एक घनमीटर हवा घ्या. ती दहा लिटरांनीं फुगेल. पण फुगावयाचें म्हणजे वातावरणास मागें रेटावयाचें, आणि वातावरणाचा दाब दर चौरस मीटरास सुमारें दहा टन वजनाइतका असतो! या रेटण्यास सुमारें १,००० ज्यूल कार्य करावें लागतें. शंभर किलोंचें पोतें एक मीटर उचलण्याइतकें.

तीच हवा भक्कम बंद पेटींत तापविली, तर तीन अंशांच्या वाढीस सुमारें २,५०० ज्यूल उष्णता पुरते. मोकळ्या हवेस ३,५०० ज्यूल लागतात. आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा केवळ तापमानावर अवलंबून असते, आणि साधी हवा या बाबतींत आदर्श वायूच्या अगदीं जवळची आहे. म्हणून दोन्ही वेळीं आंत सांठलेली ऊर्जा सारखीच, २,५०० ज्यूल. उरलेले १,००० ज्यूल हरवले नाहींत. त्यांचें कार्य झालें. सात भाग उष्णता दिली, तर पांच भाग आंत राहतात व दोन भाग बाहेर रेटण्यांत खर्च होतात.

उष्णता हा एक सूक्ष्म द्रव पदार्थ आहे, असें पूर्वीं पुष्कळ विद्वान मानीत. तसें असतें तर ती कार्यांत खर्च होऊन कशी जाती? जर्मन डॉक्टर रॉबर्ट मायर यांनीं १८४२ सालीं वायूच्या याच दोन खर्चांतील फरकावरून उष्णता व कार्य यांचें परस्परमूल्य काढलें. ऊर्जा अक्षय्य आहे, या सिद्धांताचा एक पाया असा हवेंत घातला गेला.

तापून पसरलेली हवा हलकी होऊन वर चढते व समुद्रावरील गार, जड हवा तिच्या जागीं धांवते. हेच खारे वारे. रात्रीं जमीन लवकर निवते आणि उलट दिशेनें मतलई वारे सुटतात.

म्हणून हवा तापविण्यास किती उष्णता लागते, या प्रश्नाचें एकच उत्तर नाहीं. हवा कोंडलेली आहे कीं मोकळी, हें आधीं विचारावें लागतें.